रिपोर्ट नॉर्मल, केस मोरीत

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मोरी तुंबली. जाळी उचलली तर मुठीएवढा केसांचा गुंता, सगळा माझा. आईने फोनवर माक्याचं तेल सुचवलं, शेजारच्या वहिनींनी कांद्याचा रस. (केस गळायचे थांबले नाहीत, उशीला मात्र आठवडाभर कांद्याचा वास.) शेवटी औषधाच्या दुकानातून 10 मिलिग्रॅमच्या बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या बी-जीवनसत्त्वाच्या) गोळ्या आणल्या.

थकवा होताच, थंडीही फार वाजायची. म्हणून थायरॉइड तपासला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं हार्मोन, 3.8, नॉर्मल. गोळ्या चालूच ठेवल्या.

फेब्रुवारीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी भुवयांची विरळ झालेली बाहेरची टोकं पाहिली आणि विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" बायोटिन ऐकताच त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला ठेवला. टीएसएच मोजायच्या काही चाचण्यांच्या रसायनांतच बायोटिन असतं. रक्तातही ते भरपूर असलं की गफलत होते आणि टीएसएच खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने, तिथल्या औषध-नियामक संस्थेने, 2017 सालीच तसा इशारा दिला होता. माझ्या डबीवर त्याबद्दल एक ओळ नव्हती.

गोळ्या बंद करून आठ दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच 17.6, टी4 (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) वाढलेलं. म्हणजे हाशिमोटो, माझीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उठलेली.

प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की एरवीपेक्षा जास्त केस एकदम विसाव्यात जातात, नवे उशिरा फुटतात. त्यामुळे एका जागी टक्कल न पडता सगळं डोकंच विरळ होतं. माझा भांग बोटभर रुंद झाला होता.

थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच हार्मोनची, गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. तेही जमलं, पण चहा पाऊण तास लांबवणं! पहिला आठवडा मी घड्याळाकडे बघत ओट्यापाशी उभी असायची.

सहा आठवड्यांनी टीएसएच 6.1 आला, डोस वाढला, पुढच्या वेळी 2.4. केस मात्र गळतच होते. मी वैतागून फोन केला तर बाई म्हणाल्या, "जे आधीच विसाव्यात गेलेत ते गळणारच. थोडं थांबा."

सहाव्या महिन्यात भांगाच्या कडेला बारीक केस उभे दिसायला लागले. तेल लावून कितीही चापून बसवले तरी बसत नाहीत.