उभी आदळली की आडवी: कार्बन नॅनोट्यूबच्या आघाताचा माझा अनुभव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी कार्बन नॅनोट्यूबवरील, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीवरील, अतिवेगवान आघात हा विषय प्रकल्पासाठी निवडला. नेरूळच्या आमच्या महाविद्यालयात अशा वेगाने काही झाडता येईल असे यंत्र तर नव्हतेच, पण आदळलेली नळी पाहता येईल असा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही नव्हता. होता तो ठाण्याला नौपाड्यातील घरी असलेला माझा संगणक आणि त्यावर मोफत चालणारे, अणूंच्या हालचालींची गणना करणारे लॅम्प्स हे सॉफ्टवेअर. त्यामुळे प्रयोग आकड्यांतच करायचा, असे मार्गदर्शक मॅडमनी ठरवून दिले.

आधार होता 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. अमेरिकेतील राइस विद्यापीठात पुलिकेल अजयन यांच्या गटाने अनेकभित्ती (एकात एक बसलेल्या नळ्यांच्या) नॅनोट्यूबच्या गोळ्या सेकंदाला जवळजवळ 7 किलोमीटर वेगाने ॲल्युमिनियमवर झाडल्या होत्या. ज्या नळ्या टोकावर आदळल्या त्या चुरगळल्या. ज्या आडव्या आदळल्या त्या शेवग्याची शेंग उभी उकलावी तशा उकलून ग्राफीनच्या, म्हणजे एक अणू जाडीच्या कार्बन पत्र्याच्या, पट्ट्या झाल्या. मी एकभित्ती नळी घेतली: व्यास 1.36 नॅनोमीटर, लांबी साधारण 9.8 नॅनोमीटर, अणू 1600, आणि समोर हलू न शकणारी भिंत.

पहिले दहा-बारा प्रयत्न वाया गेले. नळी भिंतीला टेकताच अणू हरवल्याचा संदेश येई आणि गणना थांबे. मी नळीला दिलेला वेग सेकंदाला 6 किलोमीटर, म्हणजे एका पिकोसेकंदात (सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागात) 6 नॅनोमीटर. गणना काळाच्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकते; मी ठेवलेल्या एका फेम्टोसेकंदाच्या (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) पायरीत अणू 0.006 नॅनोमीटर सरकत होता, आणि दोन कार्बन अणूंमधील बंधाची लांबीच मुळी 0.142 नॅनोमीटर. दाबलेल्या बंधात प्रतिकर्षण इतके झपाट्याने वाढते की ही पायरी फार मोठी ठरते. ती 0.1 फेम्टोसेकंदावर आणल्यावर गणना तगली, पण वेळ दहापट झाला. त्यात पावसाळ्यात वीज दोनदा गेली, तेव्हापासून मी दर काही हजार पायऱ्यांनी स्थिती साठवून ठेवू लागलो, जे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

पुढची अडचण अधिक फसवी होती, कारण तिथे चूक दिसतच नव्हती. नळी अपेक्षेपेक्षा चिवट निघाली आणि मला त्याचा आनंदही झाला. मॅडमनी मात्र बंध ताणला जाताना लागणारे बल आलेखावर काढायला सांगितले. 0.17 नॅनोमीटरच्या पुढे आलेख अचानक वर उसळत होता. मी वापरलेल्या एअरेबो या, अणूंमधील बल ठरवणाऱ्या बलसूत्रात बंध तिथपासून 0.2 नॅनोमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केला जातो, आणि त्या उतारामुळेच खोटे बल निर्माण होते. बंध बंद होऊ लागण्याची ही मर्यादा 0.2 नॅनोमीटरपर्यंत पुढे नेल्यावर उसळी गेली आणि माझी चिवट नळीही. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील हाच सर्वांत मोलाचा पंधरवडा होता.

मग खरे चित्र दिसले. या वेगाला प्रत्येक कार्बन अणूची गतिज ऊर्जा सुमारे 2.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) भरते, तर ग्राफीनमधील एक बंध तोडायला साधारण 5 लागतात. सरासरीने पाहिले तर काहीच तुटू नये. पण आडवी नळी पाव पिकोसेकंदाच्या आसपास सपाट होते, सगळा वाक दोन्ही बाजूंच्या घड्यांत गोळा होतो आणि बंध तिथेच ओळीने उसवत जातात. पट्ट्यांच्या कडा मात्र दातेरी राहतात. उभ्या नळीला पूर्ण थांबायला दीड पिकोसेकंदाहून अधिक वेळ मिळतो, त्यामुळे पुढचे टोक चेंगरून नळी मागे मागे घड्या घालत जाते. तिरकी नळी थोडी घसरते, थोडी दुमडते. तिच्यावर मी फार वेळ दिला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "तुमची भिंत दबत नाही, ॲल्युमिनियम दबते. मग वेगांची तुलना कशी करणार?" प्रश्न रास्त होता. खरे लक्ष्य दबताना बरीच ऊर्जा स्वतःकडे घेते, म्हणून माझे 6 किलोमीटर प्रयोगातील वेगाशी थेट ताडून पाहता येत नाहीत, हे मी मान्य केले आणि अहवालाच्या त्या पानावर तसे वाक्य पेनाने लिहून दिले.