चिमणीचं भोक आणि आमचा रिपोर्ट

जालन्याच्या एमआयडीसीत एका इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या भट्टीवर) मी मेंटेनन्स बघतो. भंगार वितळवायचं, बिलेट (पोलादाचे लांब ठोकळे) काढायचे. धूर साफ करायची यंत्रणा बसवायला फारसा त्रास झाला नाही; जीव घेतला तो नंतरच्या तपासणीने.

स्क्रबर, म्हणजे पाण्याने धूर धुणारं यंत्र, स्वस्त पडेल असं शेठना कुणीतरी सुचवलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायला टँकर येतो, धुराला पाणी कुठून पाजणार? नुसतं सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवणारं नरसाळं, लावून भागत नाही. जाड धूळ नि ठिणग्या त्यात खाली बसतात, पण जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भट्टीत पडला की जो पांढरा धूर उठतो तो इतका बारीक असतो की सरळ निघून जातो. म्हणून पुढे सायक्लोन, मागे कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा बॅग फिल्टर, मग फॅन आणि चिमणी. महिनाभर छान चाललं.

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणाला चिमणीच्या धुळीचा रिपोर्ट लागतो. आमची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम. लॅबची पोरं आली, वर चढली, टेप लावला आणि पेटी न उघडताच खाली उतरली.

"साहेब, इथून सॅम्पल घेतलं तर त्याला काही अर्थ नाही. सॅम्पलचं भोक वळणाला चिकटून आहे."

पाइप चिमणीत शिरतो त्या वळणाजवळ हवा फिरते, धूळ एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. म्हणून भोक वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट वर आणि तोंडापासून दुप्पट खाली लागतं. आमचा व्यास दोन फूट, म्हणजे वळणापासून सोळा फूट. सप्लायरने ते जेमतेम पाच फुटांवर पाडलेलं, का तर शिडी तिथपर्यंतच होती!

फोन केला तर म्हणे, "ड्रॉइंगमध्ये भोकाची जागा नव्हती, आता ते जादा काम." वेल्डर पेरणीला गावी गेलेला. तो आला तेव्हा हायड्रा क्रेन मिळेना. एक भोक पुरत नाही, काटकोनात दोन लागतात. वर माणूस उभा राहील असा कठडा लावलेला प्लॅटफॉर्म आणि पंपाला वीज. इकडे शेठ रोज विचारणार, "रिपोर्ट आला का?"

सगळं झालं, तर नवीनच घोळ. तेव्हा रात्रीच्या विजेला सवलत, म्हणून आमच्या हीट (भंगार वितळवायच्या खेपा) रात्री. लॅबवाले अंधारात चढत नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे. पण बंद भट्टीचं सॅम्पल घेऊन करायचं काय? शेवटी शेठना गळ घालून एक हीट दिवसा लावली. वेग मोजायला पोरांनी नळी आत सरकवली, चिमणीत हवा जितक्या वेगाने जाते तितक्याच वेगाने पंपाने ओढायला लावली. ओढ कमी पडली तर जड कण जास्त शिरतात नि आकडा फुगतो, म्हणून पंपावरची नजर मी हलू दिली नाही. आकडा मर्यादेच्या बराच आत आला. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

तुम्ही बसवणार असाल तर भोकांची जागा, प्लॅटफॉर्म आणि शिडी ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि लॅबवाल्याला ड्रॉइंग आधी दाखवा. पिशव्यांचं राहिलंच: पॉलिएस्टर साधारण १३० अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे गरम धूर आला की थंड हवा आत सोडणारा डॅम्पर हवाच. पिशव्या झटकणारी हवा कोरडी ठेवा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरचं पाणी लाइनीत गेलं तर धुळीचा चिखल होऊन कापड बुजतं. पिशव्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक दाखवणारा काटा रोज बघा. हळूहळू चढला तर पिशव्या तुंबल्या, एकदम पडला तर एखादी फाटली.

सप्लायरचं 'जादा कामा'चं बिल आलंय. शेठनी ते अजून फायलीत लावलेलं नाही.