२०१४ची उडी

गेल्या पावसाळ्यात डीन सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "आपल्या राज्यात डोळ्यांवर किती संशोधन होतं, त्याचा वर्षवार आलेख करून द्या. शुक्रवारी मीटिंग आहे." मी वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि असली कामं मला मनापासून आवडतात. पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, उघडायची, विषय टाकायचा, लेखकांच्या पत्त्यात आपली गावं शोधायची, सापडलेले लेख मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं.

पण गावांपासूनच अडलं. नुसतं मुंबई टाकून भागत नाही, जुने लेख 'बॉम्बे'खाली आहेत. पुण्याबरोबर 'पूना'ही टाकावं लागतं. औरंगाबाद टाकलं की बिहारमधलंही येतं, शिवाय आता छत्रपती संभाजीनगर वेगळं शोधायचं. कित्येकांनी तर स्वतःच्या विभागाचंच नाव चुकवलंय. ऑप्थॅल्मॉलॉजीच्या स्पेलिंगमधला 'पी'नंतरचा 'एच' गाळलाय. नीट स्पेलिंग टाकणाऱ्याच्या हाती ते लेख लागतच नाहीत. बुधवार अख्खा यात गेला.

गुरुवारी सकाळी आलेख तयार झाला आणि मी हरखले. इतकी वर्षं सावकाश चढत आलेली रेघ २०१४ला एकदम उभी वर गेली होती. प्रिंट घेऊन तडक डोळ्यांच्या विभागात गेले. बाहेर बाकावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा काळे चष्मे लावून ओळीनं बसले होते. विभागप्रमुख मॅडमनी स्लिट लॅम्पवरून मान वर केली, कागद हातात घेतला.

"त्या वर्षी असं काय झालं हो? नवीन सेंटर निघालं? कुठून पैसा आला? मला तर काहीच आठवत नाही."

मलाही सांगता येईना. परत येऊन त्या काळातले लेख एकेक करून उघडले, तेव्हा उलगडा झाला. १९८८ पासून पबमेडमध्ये लेखाच्या फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदला जायचा. २०१४च्या सुमारास सगळ्याच लेखकांचे पत्ते घ्यायला लागले. माझी ती देखणी उडी बरीचशी नोंदवहीची होती. हा कागद तसाच मीटिंगमध्ये गेला असता तर, या विचारानं मला घाम फुटला.

आणि मग दुसरी शंका आली. सगळे पत्ते घेतल्यावर जर इतके लेख वाढतात, तर आधीच्या वर्षांत आपले किती लेख दुसऱ्याच्या खात्यावर गेले असतील? मॅडमना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "नागपूरचं बघा."

सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं जर्मनीतल्या मानहाइमच्या नेत्रतज्ज्ञांबरोबर केलेला अभ्यास. २००६ ते २००८ या काळात ग्रामीण भागातल्या आठ गावांमधली तिशीच्या पुढची ४७११ माणसं तपासली. डोळ्याचा दाब, बुबुळाची जाडी, डोळ्याची लांबी, सगळं मोजलं. त्यातून लेखांची रांगच निघाली. काहींत पहिलं नाव नागपूरचं, काहींत मानहाइमचं. जिथे मानहाइमचं होतं, ते २०१४ आधीचे लेख माझ्या जाळ्यात आलेच नव्हते. यात कुणाची लबाडी नाही, जो पहिला लेखक त्याचाच पत्ता, हा तेव्हाचा नियमच होता. पण डोळे विदर्भातल्या शेतकऱ्यांचे आणि मोजणीत जर्मनी, हे बघून मला फार लागलं. मी तक्त्यात एक रकाना वाढवला, 'रुग्ण कुठले'. तो भरायला प्रत्येक लेख उघडून वाचावा लागतो. रात्री नऊपर्यंत वाचत बसले.

घरी कळवून मॅडमही लायब्ररीत येऊन बसल्या होत्या. मध्येच उठून त्यांनी मागचं कपाट उघडलं. त्यात एमएसच्या मुलांचे थिसिस आहेत, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. प्रत्येक रेसिडेंटला एक लिहावाच लागतो. परीक्षा झाली की बहुतेक इथेच राहतात, लेख होऊन बाहेर पडत नाहीत. माझ्या आलेखात यांचा एक ठिपकाही नव्हता.

मॅडमनी एक काढला. विषय, बुबुळाला बुरशी लागून होणाऱ्या जखमा. शेवटी मास्टर चार्ट, एकेका ओळीत एकेक माणूस. 'कशानं लागलं' या रकान्यात मी बोट फिरवत गेले. उसाची पात. उसाची पात. तुरीची काडी. भाताचं तूस. पुन्हा उसाची पात. पुढे, डोळ्यात फूल पडलं की नजर राहिली, याचीही नोंद.

"याच आजारावर मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलनं अमेरिकेतल्या लोकांबरोबर ३२३ रुग्णांवर चाचणी केली," मॅडम म्हणाल्या. "२०१३ साली छापून आली. नॅटामायसिन हे जुनं औषधच व्होरिकोनाझोलपेक्षा सरस निघालं. आज जगभर तिचा दाखला देतात. पेशंट आपल्याकडेही हेच होते. आपण लिहिलं नाही."

शुक्रवारी सरांना आलेख दिला. २०१४वर उभी तुटक रेघ आणि खाली टीप, की हिच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. सरांनी टीप दोनदा वाचली आणि 'रुग्ण कुठले' हा रकाना पूर्ण करायला महिनाभर दिला.

तो थिसिस मॅडम घेऊन गेल्या. लिहिणारा मुलगा आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "अरे, तुझा मास्टर चार्ट मूळ एक्सेलमध्ये आहे का अजून?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडमनी खुणेनं माझ्याकडे पेन मागितलं आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर त्याचा ईमेल लिहून घेतला.