आधी लोकर मोजा, मग भेटींची यादी करा

सणासुदीला स्वतःच्या हाताने विणलेलं काहीतरी द्यायचं मनात असेल ना, तर माझं ठाम मत आहे की भेटींची यादी आधी करायचीच नाही. आधी घरातली लोकर बाहेर काढायची, सगळी, कपाटातली, बेडखालची, अर्धवट प्रोजेक्टच्या पिशव्यांतली पण. यादी आधी केली की प्रत्येक नावासाठी नवीन लोकर आणावीशी वाटते आणि जुनी तशीच तळाशी पडून राहते, आणि खरं सांगू का, त्या जुन्यातच लोकरीचा एखादा गुंडा असा निघतो की हातात घेतल्या घेतल्या वाटतं, अरे हा तर मावशीचाच रंग!

लोकर रंगाप्रमाणे लावली की दिसते फार सुंदर, पण मी जाडीप्रमाणे लावते. डिझाइन निवडताना पहिला प्रश्न जाडीचाच येतो, रंग नंतर. फोर प्लाय म्हणजे बारीक लोकर एका डब्यात, डीके म्हणजे मध्यम जाडीची दुसऱ्यात, जाडी लोकर तिसऱ्यात. लेबल हरवलेले गुंडे असतातच, त्यांच्यासाठी पट्टीवर लोकर शेजारी शेजारी गुंडाळायची, ताणायची नाही, आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचे. मग लेबल असलेल्या डीकेचे वेढे तसेच मोजून बघायचे, आकडे जुळले की ती डीके. लोकर आहे की ॲक्रिलिक ते कळत नसेल तर छोटासा धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा (जपून, आणि जवळ पाणी ठेवूनच). खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. समजा लेबलवर लिहिलंय १०० ग्रॅममध्ये २२० मीटर, आणि तुमच्याकडे उरलाय ३७ ग्रॅम, तर ३७ गुणिले २.२ म्हणजे साधारण ८१ मीटर. नवजात बाळाच्या टोपीला हे पुरतं, मोठ्या माणसाच्या टोपीला नाही. हा मीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून गुंड्यात खोचून ठेवायचा. "थोडीशी उरलीये" आणि "८१ मीटर आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसरं वाक्य ऐकलं की डोक्यात लगेच काय विणायचं ते सुरू होतं. एकाच रंगाचे दोन गुंडे पण डाय लॉट (म्हणजे रंगवण्याची खेप) वेगळा असेल तर तेही लिहा, डब्यात सारखे वाटतात, विणल्यावर मात्र पट्टा उठून दिसतो. असे दोन लॉट एकत्र वापरायचेच असतील तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या असं आलटून पालटून विणायचं, फरक मिसळून जातो.

लोकर बाहेर काढलीच आहे तर कसर, म्हणजे लोकरीला लागणारी कीड, पण तपासून घ्या. तिचा उडणारा पतंग लोकर खात नाही, खातात त्याच्या अळ्या, आणि घाम किंवा डाग लागलेली लोकर त्यांना जास्त आवडते. लव्हेंडरच्या पुरचुंडीवर भरवसा ठेवू नका. शंका आली तर गुंडा हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर लोकर दमट होते.

मग भेटी. इथे मला एक गणित सगळ्यांना सांगावंसं वाटतं कारण "मफलर सोपा, पटकन होतो" हे खूप ऐकायला मिळतं. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५६ सेंमी असतं, टोपी घट्ट बसावी म्हणून ती ५० सेंमीची विणतात. डीकेला १० सेंमीत २२ टाके धरले तर ११० टाके, उंचीला साधारण ६० ओळी, म्हणजे जास्तीत जास्त ६,६०० टाके. आता मफलर घ्या, २० सेंमी रुंद, दीड मीटर लांब. रुंदीला ४४ टाके आणि कडा वळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी सुलटं विणलं तर १० सेंमीत ४० च्या आसपास ओळी, म्हणजे ६०० ओळी, म्हणजे २६,४०० टाके! चार टोप्या! मिनिटाला २५ टाके पडत असतील तर टोपीला साडेचार तास आणि मफलरला साडेसतरा. मफलर सोपा आहे, पटकन होणारा नाही. तीच टोपी जाड्या लोकरीत, १० सेंमीत १४ टाके आणि २० ओळी धरून, २,८०० टाक्यांतच होते. म्हणून ज्यांची नावं शेवटी सुचतात त्यांच्यासाठी मी जाड्या लोकरीचा डबा राखून ठेवते.

तुमचा स्वतःचा वेग मोजा, घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीसारखं विणा आणि टाके मोजा, मग प्रत्येक भेटीपुढे तास लिहा. बेरीज जास्त झाली तर आत्ताच मफलरची टोपी करा, टोपीचा हेडबँड करा. आदल्या रात्री जागून विणलेल्या टाक्यांत ताण दिसतो आणि विणणाऱ्याचा आनंदही जातो, तो तर मला भेटीइतकाच मोलाचा वाटतो.

कोणाला कुठली लोकर द्यायची हे धुण्यावरून ठरवा. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. तान्हं बाळ असलेल्या घरात हाताने धुवायला वेळ कोणाला आहे, तिथे सुपरवॉश (मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर) किंवा ॲक्रिलिकच. बाळाच्या मोज्यांना जाळीदार वीण नको, बोटं अडकतात, आणि टोपीला लांब नाड्या तर अजिबात नकोत. साधी मऊ मेरिनो (मेरिनो मेंढीची लोकर) अशा माणसाला द्या जो ती जपून वापरेल, असा एखादा तरी असतोच आणि त्याच्यासाठी विणताना हात आपोआप सावकाश चालतात.

विणून झालं की काम संपलं असं धरू नका, धागे आत ओवणं, धुणं, आकार देऊन सपाट वाळवणं यात दोन-तीन दिवस जातात, ते तासांच्या हिशोबात वेगळे लिहा. आणि पॅक करताना त्याच लोकरीचे चार-पाच मीटर एका पुठ्ठ्यावर गुंडाळून, धुण्याची चिठ्ठी लावून सोबत द्या, उद्या कोपर झिजलं किंवा टाका तुटला तर रफू करायला त्याच लॉटचा धागा त्यांच्याकडे असेल.