मुका खांब

ठाण्याची थंडी म्हणजे जानेवारीतले आठ-दहा दिवस. पहाटे येऊरच्या बाजूने जरा गार वारा सुटतो, पारा कसाबसा 18 च्या आसपास उतरतो, तलावपाळीवर फेऱ्या मारणारे आजोबा हौसेने कानटोपी घालून घेतात, आणि डब्यातला तिळगूळ संपायच्या आत आमचा पंखा पुन्हा चारवर आलेला असतो. अशा गावात मी जाड लोकरीचं ब्लँकेट विणायला घेतलं. ज्याने पाहिलं त्याने एकच प्रश्न विचारला, "कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर लोकर मऊ होती, एवढंच. दुकानात गुंडा हातात घेतला आणि तो परत ठेववेना.

आमच्या घरात क्रोशा सासूबाईंचा. त्यांची सुई पोलादी, जेमतेम एक मिलिमीटरची, आणि दोरा 40 नंबरचा. या दोऱ्यांचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या दोऱ्यावर त्यांनी टीव्हीवरचा रुमाल केला, दाराचं तोरण केलं, तांब्यावर घालायची मणी लावलेली झाकणं केली. टीव्ही भिंतीवर गेला, पाणी फिल्टरमधून यायला लागलं, झाकणं मात्र कपाटात निळीचा वास घेऊन बसली आहेत. मी त्या वाटेला कधी गेले नाही. चाळिशी लागल्यावर तर 40 नंबरचा दोरा म्हणजे ऐकीव गोष्टच झाली. माझी सुई नऊ मिलिमीटरची, प्लास्टिकची. ती पहिल्यांदा पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही सुई आहे की रवीचा दांडा?"

वीण निवडली ती सोप्यात सोपी. एक मुका खांब (म्हणजे क्रोशाचा बुटका टाका), एक साखळी (म्हणजे नुसता ओढून घेतलेला फास), खालचं एक घर, म्हणजे एक टाका, सोडायचं, पुन्हा मुका खांब. ओळ संपली की उलटायचं आणि तेच. यातली गंमत दुसऱ्या ओळीपासून सुरू होते. आता सुई खालच्या खांबाच्या डोक्यात घालायची नाही, खालच्या साखळीखाली जी फट राहिलेली असते तिच्यात घालायची. म्हणजे गेल्या ओळीत जिथे रिकामं सोडलं तिथे या ओळीत खांब, आणि जिथे खांब होता त्याच्यावर नुसती साखळी. चार-पाच ओळी झाल्या की भिजवलेल्या वाटाण्यांसारखे टपोरे दाणे तिरक्या रांगा धरून उभे राहतात. बघणाऱ्याला वाटतं, बाईंनी केवढा अभ्यास केलाय!

'मुका खांब' हा शब्द मला भारी आवडतो. साध्या खांबाला आधी सुईवर धाग्याचा वेढा घ्यावा लागतो, मग तो उंच होतो. मुका खांब वेढा न घेताच उरकतो, बुटका राहतो, काही बोलत नाही. इंग्रजीत मात्र सगळा घोळ आहे. अमेरिकन ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्यालाच ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. इंटरनेटवरचा नमुना कुठल्या देशाचा हे न बघता मी एकदा बाळाची टोपी विणली होती, ती शेवटी चहाच्या किटलीला घातली. मुका खांब ठाण्यात मुका आणि नागपुरातही मुकाच.

विणायची जागा म्हणजे लोकल. ठाण्याहून वाशीला जाणारी गाडी ठाण्यातच सुटते, त्यामुळे खिडकी नाही तरी टेकायला जागा मिळते. शंभर साखळ्यांची ओळ, म्हणजे मीटरभर रुंदी. ऐरोलीला सुरू केलेली ओळ कोपरखैरणे येईतो संपायची. दोन सुयांचं विणकाम मी गाडीत करूच धजले नसते. त्यात सगळी ओळच्या ओळ सुईवर लटकलेली असते, धक्का लागून सुई निसटली की टाके भराभर घरंगळतात. क्रोशात सुईवर एकच फास. घणसोलीला कुणी पिशवीसकट अंगावर आलं तरी तेवढा एक फास चिमटीत धरायचा आणि म्हणायचं, "बसा हो, सरकते मी." समोरच्या बायकांचं लक्ष असायचंच. कोथिंबीर निवडता निवडता एकीने विचारलं, "विकता का?" मी मनात तास मोजले आणि नाही म्हटलं. दुकानातले स्वेटर यंत्रावर विणलेले असतात, पण खरा क्रोशा अजून हातानेच करावा लागतो. म्हणून मॉलमध्ये शे-दोनशेला लटकलेला क्रोशाचा टॉप दिसला की मला त्या कपड्यापेक्षा तो विणणाऱ्या बाईचं कोडं पडतं.

शंभर ग्रॅमचा एक, असे बारा गुंडे लागणार होते आणि मी शहाणपणाने आठच आणले. उरलेले चार पंधरा दिवसांनी आणले. रंग तोच, नाव तेच, पण लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर, वेगळा. ट्यूबलाइटखाली काही कळलं नाही. सकाळी गॅलरीत धरलं तर मोरपिशी दोन निघाले, एक घरचा आणि एक सावत्र. मग दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या, अशी मिसळ करत गेले. फरक तिथेच आहे, फक्त आता तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

दुसरी चूक मला दिसलीच नाही. निम्मं ब्लँकेट सासूबाईंच्या मांडीवर पसरून मी चहा टाकायला गेले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या काही बघत नव्हत्या. अंगठा काठावर ठेवून, जपमाळ ओढावी तशी कड सरकवत होत्या. एका जागी अंगठा थांबला.

"इथे वळणाची साखळी खाल्लीस."

मी वाकून पाहिलं. ओळीच्या शेवटी वळताना घातलेल्या साखळ्यांच्या फटीत शेवटचा खांब घालायचा असतो. तो मी विसरले होते, आणि तिथून वर एकेक बाजू आत येत चालली होती. अकरा ओळी उसवल्या. क्रोशाचं उसवणं फार गोड असतं. टोक ओढायचं, की खांब फुर्रकन धागा होतो. (मखमली लोकर घेतली असती तर एवढं गोड नसतं. तिची लव झडते आणि आतला बोडका दोरा वर येतो.) सासूबाईंनी न सांगता गुंडा हातात घेतला आणि मी ओढत गेले तशा गुंडाळत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "जाड आहे म्हणून चूक लपत नाही हो. उलट मोठी होते."

ब्लँकेट संपलं मार्चच्या अखेरीस. म्हणजे ठाण्यात घामाच्या धारा सुरू झाल्यावर. मुलगा म्हणाला, "आई, टायमिंग!" मी घडी घालून सोफ्यावर ठेवलं, शोभेला.

मग मे आला आणि हॉलमधला एसी दुपारभर चालू लागला. नवे एसी सुरू होतानाच 24 वर असतात, 2020 पासून तसा नियमच आहे, पण आमचे चिरंजीव तो 20 वर नेतात. त्या गारठ्यात सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात आणि ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढतात. बाहेर आंबे पिकतायत, खिडकीच्या काचेवर बाहेरून दमट हवा बसलीय आणि घरात लोकरीचं ब्लँकेट! परवा मालिका लागली होती. त्यांचे डोळे मिटलेले. मी आवाज कमी करायला रिमोट उचलला, तर ब्लँकेटच्या काठावरून त्यांचा अंगठा हळूहळू पुढे सरकत होता. मी तशीच उभी राहिले, तो कुठे थांबतोय का बघत.