ओढ्यातली तांबडी माती

परवा वळवाचा पाऊस उघडल्यावर पन्हाळ्याच्या उतारावरच्या आमच्या रानात गेलो. ताल, म्हणजे उतारावर माती अडवणारा बांध, फुटली होती. खाली ओढा चहासारखा वाहत होता. त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन हळूहळू गाळलं, तर तळहातावर मऊ, तांबडा गाळ राहिला. आमचं रानच ते! इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. बघून पोटात कालवलं.

चूक माझीच. ऊस तुटून गेल्यावर पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळका पाला, पेटवलं आणि रान उघडं पडलं. तेच सरीत पसरलं असतं तर थेंबांचा मार त्याच्यावर बसला असता, ओल टिकली असती, कुजून मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे तिचा कस, वाढला असता.

आता दगड रचून ताल बांधतोय. कडेला माती धरून ठेवायला वाळ्याचं गवत लावायचंय.