तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या वस्तूचा भाव उतरतो कशाने?

आमच्याकडे पहिल्यांदा आलेलं माणूस जेवणाच्या टेबलावरून हात फिरवतं आणि विचारतं, 'सागवानी आहे का हो?' ऑनलाइन जुनं घेतलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. 'सांगत किती होता आणि दिलं कितीला?' मग दोन दिवसांनी फोन. भाचीला खोली लावायची आहे, एक वॉशिंग मशीन बघून ठेवलंय, वहिनी, तुम्ही जरा बोलता का त्या माणसाशी? तुम्हाला भाव करायला छान जमतं.

छान वगैरे काही जमत नाही. मी मुळात फार बोलतच नाही. माझा अनुभव असा, की बोलून बोलून जुन्या वस्तूचा भाव थोडाफार हलतो, पण खरा उतरतो तो विकणाऱ्याच्या अडचणीपायी. त्या माणसाच्या घरात एक बोजड वस्तू अडून बसलेली असते. ती आपण खरोखर उचलून नेणार आहोत, हे त्याला पटलं की आकडा तो स्वतःच खाली आणतो.

तुळशीबागेत शिकलेली विद्या इथे लागू पडत नाही, हे आधी लक्षात घ्या. तिथे त्याने पाचशे म्हणायचे, आपण अडीचशे म्हणायचे, आणि तो नाही म्हणाला की दोन दुकानं पुढे सरकायचं. मागून 'ओ ताई, या इकडे, शेवटचं सांगा' अशी हाक येते. ती येते कारण आपण त्याच्या डोळ्यांदेखत शेजारच्याकडे वळत असतो. फोनवर निम्म्या किमतीचा मेसेज टाकला तर कोण कशाला हाक मारेल? वाचल्याची खूण उमटते आणि विषय तिथेच संपतो. निघून जाण्यात जो जोर असतो, तो समोरच्याला आपली पाठ दिसत असेल तरच.

दुसरं म्हणजे 'लास्ट किती?' आमचे हे अजूनही तिथूनच सुरुवात करतात. हा प्रश्न किती नकोसा वाटतो ते कळायला स्वतः एखादी वस्तू विकून बघावी. आम्ही जुना सोफा विकायला काढला, तेव्हा जाहिरात टाकल्यापासून फोन टुणटुणत होता. निम्मे मेसेज 'इज धिस अव्हेलेबल?' फेसबुक मार्केटप्लेसवर हे वाक्य आयतं लिहिलेलं असतं, बोट लागलं तरी जातं. उरलेले 'लास्ट?' एवढंच. मापं कुणी विचारली नाहीत, जिना कसा आहे कुणी विचारलं नाही, कधी येतो ते तर कुणीच सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत मी इतकी वैतागले होते, की 'उद्या पाच वाजता टेम्पो घेऊन येतो' असं जो म्हणाला त्याला मी आपणहून पैसे कमी करून सोफा दिला. त्याने मागितलेही नव्हते.

पुण्यात लोक जुनं सामान का विकतात ते बघा, म्हणजे पुढचं आपोआप सुचेल. वस्तू नकोशी झाली म्हणून विकणारे थोडे. बहुतेक जण घर सोडत असतात. इथला भाडेकरार साधारण 11 महिन्यांचा. मग मालक भाडं वाढवतो, किंवा हिंजवडीची नोकरी सोडून पोरगा बंगळूरला जातो, किंवा लग्न ठरतं. नोटीस दिलेली असते आणि चावी महिनाअखेर द्यायची असते. घरात सामान राहिलं तर डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार. फ्रिज बंगळूरला न्यायचा तर पॅकर्सवाला जो आकडा सांगतो त्यात तिथे दुसरा जुना फ्रिज येतो. अशा माणसाला 26 तारखेला आपले सात हजार हे दुसऱ्या कुणाच्या 'नऊ देतो, पुढच्या रविवारी बघायला येतो'पेक्षा जड वाटतात. म्हणून मी किंमत विचारतच नाही, ती जाहिरातीत लिहिलेली असते. मी विचारते, घर कधी सोडताय?

भाचीच्या मशीनचं सांगते. वाकडला आठव्या मजल्यावर, फ्रंट लोड, सात किलो, पाच वर्षांचं. मुलगा मूळचा नांदेडचा. जाहिरातीत अकरा हजार आणि खाली 'फिक्स'. आमचं बोलणं साधारण असं झालं.

'काकू, अकरा फिक्स आहे.'

'बरं. फ्लॅट कधी सोडताय?'

'31ला चावी द्यायचीय.'

'सामान लिफ्टने उतरवू देतात का तुमच्याकडे?'

यावर जरा वेळ गेला. मग, 'सकाळी दहा ते बारा. आणि गेट पास लागतो सिक्युरिटीचा.'

'पास तुम्ही काढून ठेवा. शनिवारी साडेदहाला छोटा हत्ती आणि दोन माणसं घेऊन येते. नळाचं कनेक्शन आमचा माणूस सोडवेल. मशीन चालवून बघेन, ठीक असलं तर जागेवर पैसे. आठ हजार.'

'नऊ करा ना काकू.'

'साडेआठ. स्टँडसकट.'

'स्टँड घेऊन जा, मला काय करायचाय तो.'

या सगळ्यात त्याच्या मशीनला मी एकदाही नावं ठेवली नाहीत. 'पाच वर्षं जुनं, आता याला कोण घेतंय' असं म्हणून भाव पाडायची बऱ्याच जणांना सवय असते. त्याने समोरचा हट्टाला पेटतो. वस्तू त्याने पगारातून घेतलेली असते, तिच्यावर थोडा जीव असतो. मग तो म्हणतो, नका घेऊ, आणि भंगारवाल्याला देईन पण तुम्हाला देणार नाही असं मनात ठरवतो.

शनिवारी गेल्यावर पहिलं काम कानाचं. रिकामं मशीन स्पिनवर लावायचं आणि शेजारी उभं राहायचं. विमान उडाल्यासारखी घरघर आली तर बेअरिंग गेलं, आणि ते काम स्वस्तात होत नाही. मग दाराच्या रबराची घडी उलटून बघायची, तिथे काळी बुरशी धरते. मग पाण्याचा पाइप जिथे मशीनला जोडतात तिथली जाळी. या मशीनच्या जाळीवर पांढरी पुटं होती. 'टँकर?' मी विचारलं. 'टँकरच,' तो म्हणाला. त्या बाजूच्या कितीतरी सोसायट्या टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालतात आणि त्यातले क्षार मशीनमध्ये बसतात. हे मी साडेआठ म्हणतानाच धरून चालले होते. शेवटी ट्रान्झिट बोल्ट मागितले. फ्रंट लोड मशीन हलवताना ड्रम आतून जखडून ठेवायला लागतात ते हे लांब बोल्ट. नवं मशीन आलं की बसवणारा ते काढून आपल्या हातात देतो, आणि आपण ते दिवाळीच्या आवराआवरीत फेकतो. याने मॅन्युअलच्या पिशवीत जपून ठेवले होते. ज्याने बोल्ट जपले त्याने मशीनही नीट वापरलं असणार, असं मी धरून चालते.

एवढ्यात आमचे हे पुढे सरसावले. 'एवढ्या लांब आलोय, आठ करून टाका.' मी डोळे वटारले. ठरलेला भाव दारात जाऊन पुन्हा पाडणं मला मान्य नाही. पुष्कळ लोक हे मुद्दाम करतात. मशीन लिफ्टपाशी आणलेलं असतं, टेम्पो खाली उभा असतो, विकणारा अडलेला असतो, मग हे पाचशे कमी करून मागतात आणि मिळतातही. त्याच्या अडचणीचा मला फायदा होतो हे मी वर कबूल केलंच आहे. पण त्याची सोय करून भाव घेणं वेगळं आणि त्याला कोंडीत पकडून घेणं वेगळं. स्पिनला घरघर आली असती तर मात्र मी तिथेच नवा आकडा सांगितला असता, किंवा रिकामी परतले असते. फोटोत बेअरिंगचा आवाज येत नाही, त्यामुळे तेवढा हक्क बघणाऱ्याचा राहतोच.

दुचाकीचं गणित निराळं. तिथे भाव कागदांवर करायचा. गाडीचा नंबर घेऊन आधी ई-चलन बघायचं. हेल्मेट, नो पार्किंग, सिग्नल असे दंड पुण्यातल्या गाडीवर साठलेले असतात आणि मालकालाच पत्ता नसतो. थकलेला दंड किमतीतून वजा, यावर कुणी वाद घालत नाही. आरसी बुकावर नाव त्याचंच आहे का, की तो भावाची गाडी विकतोय? बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. तो उतरेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या व्हायच्या आत तर अजिबात नाही. विमा, पीयूसी संपलेली असेल तर तोही खर्च मांडायचा. 'थोडं कमी करा ना' असं न म्हणता हा हिशेब मी कागदावर लिहून पुढे ठेवते. माणूस कागदाशी भांडत नाही.

समोरचा नाहीच म्हणाला तर? मी एक मेसेज टाकते: 'ठीक आहे. 30 तारखेपर्यंत गेलं नाही तर कळवा, माझा आकडा हाच राहील.' आणि गप्प बसते. पुन्हा विचारत नाही, 'गेलं का हो?' करत नाही. तुळशीबागेत पाठ दाखवायची, तिचं हे मोबाइलवरचं रूप. सगळे परत फोन करतात असं नाही, पण करतात ते महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत. पितृपक्षातही विकणारे जरा मऊ असतात, कारण घेणारे कमी. माझ्या सासूबाई असत्या तर त्या दिवसांत घरात जुनी खुर्चीसुद्धा येऊ दिली नसती.

आता भीती कशाची बाळगायची ते. भाव ताणणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, लगेच हो म्हणणाऱ्याची वाटते. चाळीस हजारांची गाडी पंचविसाला मागितली आणि तो 'चालेल मॅडम' म्हणाला, तर गाडी नाहीच असं समजा. हे बऱ्याचदा 'फौजी' असतात. बदली झाली, गाडी छावणीत आहे, लष्कराच्या ट्रकने घरपोच पाठवतो, आधी थोडे पैसे भरा. पुण्यात खडकी, कॅम्प, एनडीए अशी लष्कराची सगळी ठिकाणं असल्यामुळे ही गोष्ट पटकन पटते, ओळखपत्राचा फोटोही येतो. आपण विकायला बसलो तर हाच माणूस गिऱ्हाईक होऊन येतो आणि 'क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. तरीही गेलेच पैसे, तर लाज न बाळगता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी टोकनही देत नाही, मग भाव कितीही चांगला असो.

नव्या मालाबद्दल विचारता, तर मोठ्या साइटवर भाव करायला माणूसच नसतो. तिथे एमआरपीवर काट मारून जो आकडा दाखवतात त्याने हुरळून जायचं कारण नाही. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, त्याखाली किती विकायचं हे आधीपासून विकणाऱ्याच्याच हातात असतं. इंडियामार्टसारख्या, व्यापाऱ्यांकडून घाऊक माल घ्यायच्या साइटवर मात्र माणूस असतो. सोसायटीसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या तेव्हा तिथल्या व्यापाऱ्याने नगाचा भाव रुपयानेही हलवला नाही. पण जीएसटी धरून आहे का, भाडं कुणाचं, तुटक्या निघाल्या तर बदलून कोण देणार, यावर तो पुष्कळ वाकला. सेक्रेटरी नगाच्या भावावरच अडून बसले होते. त्यांना वाहतुकीचा आकडा दाखवल्यावर ते शांत झाले.

इन्स्टाग्रामवर एकटीने गोधड्या किंवा भरतकामाचे ब्लाऊज करून विकणाऱ्या बायका असतात. त्यांच्याशी मी भाव करत नाही. परवडत नसेल तर घेत नाही.

आणि ज्यांची मुलं यंदा जूनमध्ये कॉलेजला येणार आहेत, त्यांनी आत्तापासून टेबल-खुर्च्या शोधू नयेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा संपलेली पोरं कर्वेनगर, विमाननगर, आंबेगावातल्या खोल्या रिकाम्या करतात. तेव्हा एका फेरीत पलंग, टेबल आणि कूलर असं एकाच खोलीतून उचला आणि सगळ्याचा मिळून एक आकडा सांगा. गादी मात्र नवीच घ्या, ढेकूण फुकटात येतात. टेम्पोवाला लागला तर मला फोन करा, आमचा माणूस जिन्याचे मजले आधी विचारतो आणि मग भाडं सांगतो. त्याच्याशी घासाघीस करू नका, तो खरंच येत नाही.